उष्ण प्रदेशातील निमज्जन आणि कोरड्या पोषाखाची निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

पाणबुड्याच्या अंगाला पाण्याचा स्पर्श होऊ न देणाऱ्या पोषाखास ‘ड्रायसूट’ अथवा कोरडा पोषाख म्हणतात. गळ्याभोवती व मनगटांभोवती घट्ट बसणारी रबरी सीले, पाणी आत न शिरू देणारी झिप, छातीवर बसविलेली वायू भरण्याची झडप आणि दंडावरील वायू सोडण्याची झडप ही त्याची प्रधान अंगे होत. थंड समुद्रात या पोषाखाची उपयुक्तता इतकी उघड आहे की तिच्याविषयी वाद संभवत नाही. परंतु ज्या प्रदेशात किनाऱ्यावरची हवा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते तेथे असा पोषाख वापरावा काय, आणि वापरावयाचा झाल्यास तो कोणत्या प्रकारचा असावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘उष्ण प्रदेशात कोरड्या पोषाखाचे काय काम?’ असे म्हणून तो मोडीत काढणे जितके चुकीचे, तितकेच थंड प्रदेशातील पोषाख जसाच्या तसा उचलून उष्ण प्रदेशात आणणे धोक्याचे आहे.

या विषयाची चर्चा बहुधा कापडाचे प्रकार आणि किमती यांच्यापाशी येऊन थांबते. खरा प्रश्न शरीरक्रियेचा आहे. पाणबुड्या निमज्जनाच्या कोणत्या टप्प्यात तापतो आणि कोणत्या टप्प्यात गारठतो, यावर त्याची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि हा क्रम ठरविण्यात पोषाखाचा वाटा मोठा असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे निवडीचे बहुतेक नियम तिच्यातूनच निष्पन्न होतात.

२. उष्णतारोधाचे मूलतत्त्व

पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. त्यामुळे हवेत सुखावह वाटणारे तापमान पाण्यात सुखावह राहत नाही. उघड्या अंगाने, हालचाल न करता पाण्यात असणाऱ्या माणसाच्या शरीराचा उष्णता-समतोल सुमारे ३३ ते ३५ अंशांच्या पाण्यातच टिकतो. यापेक्षा थंड पाण्यात, मग ते हाताला कोमट का लागेना, शरीर हळूहळू उष्णता गमावीत असते. ‘उष्ण पाणी’ हा शब्दप्रयोग म्हणूनच सापेक्ष होय. अर्ध्या तासाच्या निमज्जनास जे पाणी उष्ण, तेच पाच तासांच्या निमज्जनास थंड ठरते.

पोषाखातील उष्णतारोध कशामुळे निर्माण होतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्टपणे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदार्थविज्ञानज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१–५२ च्या सुमारास असे दाखवून दिले की, कापडात पुरेसा वायू कोंडलेला असेल तर अंग कोरडे असण्याची आवश्यकता नाही. यातूनच फेसाळ नीओप्रीनचा ‘वेटसूट’ जन्मास आला. त्याचे मर्म असे की उष्णता अडवितो तो कोंडलेला वायू. कोरडेपणा हे तो वायू जागच्या जागी राखण्याचे केवळ एक साधन आहे.

वेटसूटमधील वायू सूक्ष्म बुडबुड्यांत कोंडलेला असल्याने तो बॉइलच्या नियमातून सुटत नाही. समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चौपट होतो, बुडबुडे आकुंचन पावतात, कापड पातळ होते आणि उष्णतारोध घटतो. कोरड्या पोषाखात मात्र पाणबुड्या खाली जाताना झडपेतून वायू भरून आतील घनफळ कायम राखू शकतो. खोलीवरही उष्णतारोध टिकविणे हा या पोषाखाचा विशेष गुण आहे. परंतु उष्ण प्रदेशात याच गुणातून अडचणीही उद्भवतात.

३. किनाऱ्यावरील ताप

मनुष्यशरीर उष्ण हवेत थंड राहते ते प्रामुख्याने घामाच्या बाष्पीभवनाने. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शरीरातून निघून जाते. जलाभेद्य पोषाखात ही वाट जवळजवळ बंद होते: घाम येतो, परंतु त्याची वाफ बाहेर जाऊ शकत नाही. सिलिंडर, शिसे आणि इतर साहित्य मिळून तीस-चाळीस किलोचा भार वाहून नेणाऱ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे ३०० ज्यूल, म्हणजे ३०० वॅट, उष्णता निर्माण होते असे धरू. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोस, दर अंशास सुमारे ३.५ किलोज्यूल असल्याने ७० किलो वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे २४५ किलोज्यूल लागतात. बाहेर पडण्याची वाट पूर्ण बंद आहे असे मानल्यास ही वाढ अवघ्या १४ मिनिटांत होईल. प्रत्यक्षात काही उष्णता पोषाखाच्या पृष्ठभागातून निसटते, म्हणून हा हिशेब कमाल मर्यादेचा समजावा; तथापि ऊन पडत असेल आणि पोषाख काळा असेल तर बाहेरूनही उष्णतेची भर पडते. होडी सुटण्यास अर्धा तास विलंब झाला, एवढ्या सामान्य कारणानेही पोषाख चढवून बसलेला पाणबुड्या उष्माघाताच्या दिशेने वाटचाल करू लागतो, ते यामुळे.

याचा दुसरा परिणाम अधिक गूढ आहे. किनाऱ्यावर आलेला घाम आतल्या वस्त्रात मुरतो. त्या वस्त्रातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्याची वाहकता हवेच्या चोवीस पट. अशा रीतीने एक थेंबही बाहेरून आत न येता पोषाख आतून ओला होतो आणि नंतरच्या दीर्घ, निश्चल अवस्थेत पाणबुड्या गारठतो. किनाऱ्यावरचा ताप आणि पाण्यातला गारठा ही परस्परविरोधी संकटे नसून पहिल्यातूनच दुसरे जन्म घेते.

४. उष्णतेचा क्रम आणि विसंपीडन

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजनासारखे निष्क्रिय वायू रक्तात व ऊतींत विरघळतात. वर येताना दाब क्रमाक्रमाने उतरवून ते बाहेर पडू द्यावे लागतात. यासच विसंपीडन म्हणतात. ही क्रिया अपुरी राहिली तर ऊतींत व रक्तात बुडबुडे निर्माण होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार संभवतात. वायूची ने-आण रक्ताभिसरणामार्फत होते आणि रक्ताभिसरण तापमानाप्रमाणे बदलते. शरीर उष्ण असता त्वचेकडील व अवयवांकडील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि वायू अधिक वेगाने ऊतींत शिरतो. शरीर गारठले असता त्या आकुंचन पावतात आणि तोच वायू बाहेर पडण्यास उशीर लागतो. यावरून तळाशी उष्ण आणि वर येताना थंड हा क्रम सर्वांत वाईट ठरावा, असे अनुमान निघते.

या अनुमानाची कसोटी अमेरिकी नौदलाच्या फ्लोरिडातील पनामा सिटी येथील प्रायोगिक निमज्जन केंद्राने घेतली; तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. दाबकक्षातील पाण्यात सुमारे ३७ मीटर खोलीच्या दाबाची निमज्जने करण्यात आली. पाण्याचे तापमान ‘उष्ण’ म्हणजे ३६ अंश आणि ‘थंड’ म्हणजे २७ अंश असे ठेवून तळाचा टप्पा व विसंपीडनाचा टप्पा यांची अदलाबदल करण्यात आली. तळाशी उष्ण व विसंपीडनात थंड असलेल्या पाणबुड्यांत तळावरील काल केवळ ३० मिनिटे असूनही सुमारे २२ टक्के निमज्जनांत विकार उद्भवला. उलटपक्षी तळाशी थंड व विसंपीडनात उष्ण असा क्रम असता तळावरील काल ७० मिनिटांपर्यंत वाढवूनही हे प्रमाण सुमारे १.३ टक्केच राहिले.

हे आकडे सैनिकी प्रयोगाच्या कडक मर्यादांतले आहेत. ते जसेच्या तसे हौशी निमज्जनास लावता येणार नाहीत. तळाशी मुद्दाम कुडकुडत राहावे, असाही त्यांचा अर्थ नव्हे. पण दोन गोष्टी त्यांतून निःसंशय दिसतात. एक, क्रमाला महत्त्व आहे. दुसरी, या प्रयोगातले ‘थंड’ पाणी २७ अंशांचे होते. मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रात उतरणारा मनुष्य हेच तापमान उबदार म्हणून वाखाणतो. चुकीचा निवडलेला कोरडा पोषाख नेमका हाच अनिष्ट क्रम घडवून आणतो: आरंभी किनाऱ्यावर आणि पोहताना ताप, शेवटी ओल्या आतील वस्त्रांनिशी निश्चल थांबताना गारठा.

५. उष्णतारोध किती असावा?

उष्णतारोध ‘क्लो’ या परिमाणात मोजतात. सुमारे २१ अंशांच्या स्थिर हवेत स्वस्थ बसलेल्या माणसास सुखावह वाटेल इतक्या कपड्यांचा रोध म्हणजे १ क्लो. त्वचेचे तापमान ३२ अंश, शरीराचे पृष्ठफळ १.८ चौरस मीटर आणि पाणी २१ अंशांचे असे धरल्यास १ क्लो रोधातून सुमारे १२८ वॅट, तर अर्ध्या क्लोमधून सुमारे २५५ वॅट उष्णता निघून जाते. विश्रांतीत शरीर सुमारे १०० वॅट आणि बेताने पोहताना २०० ते ३०० वॅट उष्णता निर्माण करते. याचा अर्थ असा की, सतत पोहणाऱ्यास या पाण्यात अर्धा क्लो पुरतो. परंतु विसंपीडनासाठी तासन्‌तास एका जागी थांबणाऱ्यास १ क्लोही जेमतेम पुरतो. पाणी २७ अंशांचे असेल तर १ क्लोमधून केवळ ५८ वॅट निघतात, आणि पोहणारा पाण्यातही तापू लागतो.

हा हिशेब स्थूल आहे. श्वासावाटे जाणारी उष्णता व शरीराच्या खालच्या भागावर दाबले जाणारे वस्त्र यांचा त्यात समावेश नाही. तरीही त्यावरून एक निष्कर्ष निर्विवाद निघतो: एकाच ठरीव रोधाचा पोषाख उष्ण प्रदेशातील सर्व प्रसंगांना पुरा पडत नाही. रोध बदलता यावयास हवा, आणि तो बदलता येण्यासाठी तो बाहेरील आवरणात न ठेवता आतील वस्त्रात ठेवावयास हवा.

६. बाह्य आवरणाचे प्रकार

बाह्य आवरणाचे चार मुख्य प्रकार प्रचलित आहेत. पहिला फेसाळ नीओप्रीनचा. त्याच्या अंगचाच उष्णतारोध असतो, तो अंगाबरोबर ताणला जातो आणि आत पाणी शिरले तरी काही ऊब व तरंगशक्ती शिल्लक राहते. उष्ण प्रदेशात मात्र हा अंगचा रोध काढून ठेवता येत नाही. किनाऱ्यावर तो तसाच तापदायक ठरतो, आणि दमट हवेत असा पोषाख वाळण्यासही वेळ लागतो. दुसरा प्रकार आधीच दाबून घट्ट केलेल्या नीओप्रीनचा. तो टिकाऊ असून खोलीवर फारसा आकुंचन पावत नाही. परंतु जड असतो.

तिसरा प्रकार त्रिस्तरी कापडाचा: दोन विणलेल्या कृत्रिम कापडांच्या मध्ये ब्यूटिल रबराचा पातळ थर. या आवरणास स्वतःचा उष्णतारोध जवळजवळ नसतो. थंड समुद्रात हा दोष म्हणून सांगितला जातो. उष्ण प्रदेशात तोच सर्वांत मोठा गुण ठरतो. आतील वस्त्र पातळ घेतले की पोषाख हलका होतो, जाड घेतले की उबदार होतो. शिवाय तो वजनाने हलका असून लवकर वाळतो. त्याचा दोष असा की कापड ताणले जात नाही, म्हणून बेतणी मापशीर असावी लागते; आणि आत पाणी भरल्यास ऊब देणारे काहीच उरत नाही.

चौथा प्रकार व्हल्कनित रबराचा. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असून विणीत काही मुरून राहत नाही, म्हणून दूषित पाण्यातून आल्यावर तो धुऊन निर्दोष करणे सोपे जाते. बंदरातील सांडपाणी, पुरानंतरचे पाणी किंवा तेलगळती अशा ठिकाणी पोषाखाची निवड तापमानावर अवलंबून राहत नाही. तेथे तो कातडीचे संरक्षण करणारी भिंत असतो. या भिंतीला जोडलेले कोरडे हातमोजे व संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा किंवा शिरस्त्राण नसेल तर तिला अर्थ राहत नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर खराब होते, हेही तेथे विसरता कामा नये.

७. सीले, झिप आणि आतील वस्त्र

उष्ण प्रदेशात सर्वांत लवकर निकामी होतात ती सीले. लॅटेक्सचे सील मऊ व पाणी अडविण्यात चांगले. परंतु ऊन, उष्णता व ओझोन यांनी ते चिकट होते किंवा भेगाळते, आणि काही व्यक्तींस त्याची ॲलर्जीही असते. सिलिकोन ऊन अधिक चांगले सोसते, पण त्याला चीर पडली तर ती वाढत जाते, आणि नेहमीच्या गोंदाने ते चिकटत नाही. म्हणून ते कड्यांत बसविलेले, बदलता येण्याजोगे घ्यावे लागते. नीओप्रीनची सीले टिकाऊ असली तरी गळ्याशी गरम होतात. जेथे दुरुस्तीची दुकाने जवळ नाहीत तेथे बदलता येणारी सीले व जोडीला एक सुटा संच ही चैन नसून गरज आहे.

अंगालगतचे वस्त्र सुती असू नये; सूत घाम शोषून धरते. लोकर किंवा पॉलिएस्टरचे पातळ वस्त्र घाम अंगापासून दूर नेते आणि ओले झाल्यावरही काही हवा धरून ठेवते. त्यावर गरजेप्रमाणे दुसरा थर चढवावा. जाड वस्त्र ‘असू द्यावे’ म्हणून घालण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. जाड वस्त्रात वायू अधिक मावतो. अधिक वायू म्हणजे अधिक तरंगशक्ती, ती मारण्यासाठी अधिक शिसे, शिशाच्या भारामुळे किनाऱ्यावर अधिक श्रम आणि अधिक घाम. याखेरीज १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना पोषाखातील वायूचे घनफळ दुप्पट होते. मुळातच वायू अधिक असेल तर तो वेळेवर सोडता न आल्यास पाणबुड्या वेगाने वर फेकला जातो.

पोषाखात भरावयाचा वायूही विचारात घ्यावा लागतो. हेलिअमची वाहकता हवेच्या सुमारे सहापट असल्याने हेलिअममिश्रित श्वसनवायू पोषाखात भरणे अयोग्य होय. आर्गॉनची वाहकता हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश. दीर्घ निमज्जनात त्याचा वापर होतो. मात्र शुद्ध आर्गॉनमध्ये प्राणवायू नसल्याने त्याची बाटली श्वसनयंत्रास कधीही जोडली जाणार नाही अशी स्वतंत्र व ठळक खूण केलेली असली पाहिजे. सामान्य उष्ण पाण्यात हवाच पुरेशी आहे.

ज्याचा उल्लेख संकोचाने टाळला जातो ती मूत्रविसर्जनाची झडपही येथे महत्त्वाची आहे. ती नसेल तर पाणबुड्या निमज्जनापूर्वी पाणी पिणे टाळतो. घामाने आधीच पाणी गमावलेल्या शरीरास हे निर्जलन अपायकारक असते. दीर्घ निमज्जनासाठी पोषाख घेताना ही झडप सोयीच्या नव्हे, आरोग्याच्या सदरात धरावी.

८. एक उदाहरण: फ्लोरिडातील झरे

उष्ण प्रदेशातील कोरड्या पोषाखाची खरी कसोटी उत्तर फ्लोरिडातील चुनखडीच्या गुहांत लागते. तेथील वाकुला झऱ्याचे पाणी वर्षभर २० ते २१ अंशांच्या आसपास असते, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावरची दमट हवा ३० अंशांच्या वर जाते. १५ डिसेंबर २००७ रोजी जॅरॉड जॅब्लॉन्स्की व केसी मॅकिन्ले यांनी टर्नर सिंक या विवरातून उतरून वाकुला झऱ्यापर्यंतचे सुमारे ११ किलोमीटरचे अंतर पाण्याखालून पार केले. गुहेची सरासरी खोली सुमारे ८५ मीटर असल्याने प्रवासानंतर त्यांना दीर्घ विसंपीडन करावे लागले, आणि एकूण काल वीस तासांच्या वर गेला.

२१ अंशांच्या पाण्यात अर्धा तास पोहणारा पर्यटक पातळ वेटसूटवर निभावून नेतो. त्याच पाण्यात वीस तास काढणाऱ्याच्या बाबतीत तोच उष्णता-ऱ्हास प्राणघातक ठरेल. पाणी एकच, प्रदेश एकच. फरक केवळ कालाचा आणि निश्चलतेचा. ‘उष्ण प्रदेशात कोरडा पोषाख अनावश्यक’ हे विधान येथे कोलमडून पडते.

९. निवडीचे तारतम्य

वरील विवेचनावरून निवडीची दिशा पुढीलप्रमाणे सांगता येते. पाणी २७ अंश किंवा त्याहून उष्ण, निमज्जन तासाभराचे आणि पाणी स्वच्छ असेल, तर कोरड्या पोषाखाचे कारण उरत नाही. कोकण किनाऱ्यावरील बहुतेक हौशी निमज्जने याच वर्गात मोडतात. पाणी २० ते २५ अंशांचे व निमज्जन दीर्घ असेल, तर हलक्या रंगाचे त्रिस्तरी आवरण, पातळ अंतर्वस्त्र आणि बदलता येणारी सीले ही निवड योग्य होय. पाणी दूषित असेल तर तापमान काहीही असले तरी व्हल्कनित रबराचे पूर्ण बंद आवरण घ्यावे. परंतु तेव्हा ताप हाच मुख्य शत्रू समजून कामाची वेळ आखडती घ्यावी. अमेरिकी नौदलाच्या निमज्जन-पुस्तिकेत ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सिअस, यापुढील पाण्याचा विचार ‘उष्ण पाण्यातील निमज्जन’ म्हणून स्वतंत्रपणे केलेला आहे. इराणच्या आखातात उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी ही मर्यादा ओलांडते. अशा पाण्यात उतरूनही बंद पोषाखातील माणसास गारवा मिळत नाही.

पोषाख कोणताही असो, काही पथ्ये समान आहेत. सर्व साहित्य सिद्ध झाल्यावरच, सावलीत, शेवटी पोषाख चढवावा. विलंब झाल्यास झिप उघडून गळ्याचे सील मोकळे करावे. आवरणावर पाणी शिंपडून बाहेरून गारवा द्यावा. वायू भरण्या-सोडण्याचा आणि पाय वर झाले असता सावरण्याचा सराव उथळ पाण्यात आधी करून घ्यावा. चांगल्यात चांगला पोषाखही या सरावाची जागा घेऊ शकत नाही.

सारांश, उष्ण प्रदेशात पोषाख निवडताना ‘हा किती उबदार आहे?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘पाण्यात शिरण्यापूर्वी हा किती तापवील, आणि वर येताना शेवटच्या तासात अंग कोरडे व उबदार ठेवील काय?’ असे दोन प्रश्न एकत्र विचारावयास हवेत. ज्या पोषाखाचे उत्तर या दोहोंस समाधानकारक असेल तोच त्या पाण्यास योग्य.